खोक्यावरचा वाकडा सुळा

"आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. आणि बसलाच, तर डॉक्टरांना सांगून दाताऐवजी डोकं तपासून घ्या."

एवढं बोलून म्हाताऱ्याने तोंडावर धरलेला रुमाल नीट केला, पाय पसरले आणि खुर्चीत ऐसपैस मांड ठोकली.

दातांच्या दवाखान्याची ती बाहेरची खोली. सात खुर्च्या, पानं सुटलेली मासिकं, भिंतीवर हसऱ्या जबड्याचा तक्ता, आणि रस्त्याच्या अंगाला आडवी मोठी काच. आत डॉक्टर कोणाच्या तरी दाढेशी झटापट करत होते आणि दाढ काही ऐकत नव्हती. बाहेर काउंटरवरची ताई सोडली तर तिघेच जण. वर्तमानपत्राआड लपलेले एक काका, टॉवेलात बर्फ गुंडाळून गालाला लावलेल्या एक बाई, आणि हा म्हातारा. बाईंना बोलता येत नव्हतं, काकांना बोलायचं नव्हतं. गोष्ट सांगणाऱ्याला आणखी काय हवं?

तर गोष्ट आहे एका दात बनवणाऱ्याची. काढणारे वेगळे, बनवणारे वेगळे. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, त्या मापावरून प्लास्टरचा साचा होतो, आणि त्या साच्यावर हा माणूस आधी मेणात, मग ऍक्रिलिकमध्ये दात उभे करतो. जगात निम्मी माणसं ज्या दातांनी हसतात ते अशा कोणीतरी मान मोडून केलेले असतात, आणि त्याला कोणी विचारत नाही. या माणसाला सगळे धाकटा म्हणायचे. साठी उलटली तरी धाकटाच, कारण लॅब मुळात थोरल्याची होती.

थोरला म्हणजे वल्ली. हात सोन्याचे आणि जीभ कात्रीची. त्याच्या लॅबचा एक नियम होता, जो दुसऱ्या कुठल्या लॅबला परवडला नसता. तोंड बघितल्याशिवाय दात हातातून सोडायचा नाही. बाकीचे दात बनवून डब्यात घालून डॉक्टरांकडे पाठवून मोकळे होतात. थोरला गिऱ्हाइकाला लॅबमध्ये बोलवायचा, स्टुलावर बसवायचा, स्वतःच्या हाताने दात बसवायचा, चावायला लावायचा, हसायला लावायचा, दोन शिव्या द्यायला लावायचा. "शिवी देताना दात हलला नाही म्हणजे काम पक्कं," असं त्याचं म्हणणं.

एकदा या थोरल्याच्याच तोंडावर गाडीचं बॉनेट आदळलं. फिक्या पिवळ्या रंगाची, दोन दारांची जुनी गाडी होती त्याची, बॉनेटची टेकू-दांडी कधी सुटेल नेम नाही. वरचा डावा सुळा गेला. थोरला म्हणाला, "बरं झालं. धाकट्या, हा तू कर. तुझं पहिलं काम." धाकट्याने जीव ओतून एका दाताची पट्टी केली, काढता-घालता येणारी. आणि दात बसला केसभर वळलेला. शेजारच्या दातावर कड चढवून, जणू त्याच्या कानात काही सांगतोय.

धाकटा म्हणाला, "दादा, काढ. दुसरा करतो."

थोरला म्हणाला, "हात लावायचा नाही. हा माझा दात आहे."

आणि मग जो येईल त्याला तो दाखवायला लागला. पट्टी तोंडातून काढून तळहातावर धरायची आणि म्हणायचं, "देवाने बत्तीस दिले, सगळे सरळ. आमच्या धाकट्याने एकच दिला, तो वळला." लोक हसायचे. धाकटाही हसायचा, पण आतून सोलून निघायचा. थोरल्याला ते कौतुक वाटायचं. लहान भावाची थट्टा करण्याचा हक्क आहे म्हणूनच करतोय, असं त्याच्या डोक्यात. मस्करीची कुस्करी कधी होते ते करणाऱ्याला कळत नाही, हे तर तुम्हालाही ठाऊक आहे.

एक मुलगी वडिलांची कवळी न्यायला लॅबमध्ये आली. धाकट्याला ती आवडायची, हे थोरल्याला माहीत होतं. त्याने पट्टी काढली, तळहातावर धरली आणि तेच वाक्य म्हटलं. ती मुलगी हसली. धाकट्याच्या हातात मेणाची सुरी होती ती त्याने टेबलावर आपटली. म्हणाला, "हे तोंड मला परत दाखवू नकोस."

थोरल्याने पट्टी तोंडात घातली. खिळ्यावरची गाडीची किल्ली घेतली. दारात थांबून मागे वळला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

गेला तो गेला. एकतीस वर्षं.

"पत्र वगैरे?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"पत्र नाही, फोन नाही, कोणी पाहिल्याचं नाव नाही. आता मध्ये बोलू नका काका, गाडी इथूनच वळण घेते."

त्या मुलीशी धाकट्याचं लग्न झालं. लॅब चालली. थोरल्याचा नियम मात्र धाकट्याने ठेवला नाही. लोकांची तोंडं बघायचा त्याला कंटाळा होता. दात करायचे, डब्यात घालायचे, पाठवून द्यायचे.

मग एका सकाळी हिरड्यांचा रंग भरायला बारीक ब्रश हवा म्हणून तो खेळण्यांच्या आणि वह्या-पेन्सिलींच्या दुकानात गेला. वरच्या फळीवर मोटारगाड्यांच्या मॉडेलांची खोकी होती. आत प्लास्टिकचे सुटे भाग असतात, ते चिकटवून बोटभर गाडी बनवायची. एका खोक्यावरच्या चित्राने त्याची मान तिथेच धरली. समुद्राकाठचं वळण, ओला रस्ता, आभाळ मार लागल्यासारखं जांभळं, आणि भरदिवसा दिवे लावून समोरून येणारी, पुठ्ठ्यातून बाहेर पडेल अशी एका अंगाला कललेली, फिक्या पिवळ्या रंगाची दोन दारांची गाडी. डाव्या दिव्याची चकचकीत कडी गायब. थोरल्याच्या गाडीची पण होती गायब.

"ते द्या," तो म्हणाला.

दुकानवाल्या आजींनी स्टुलावर चढून खोकं काढलं. "नातवाला?"

"मलाच."

"बारीक काम असतं बरं का. डोळे शाबूत आहेत ना?"

"आजी, दिवसभर मी माणसांचे दात जोडतो."

"मग जमेल की."

"जमेल म्हणून तर जोडणार नाही. घरी जाऊन पुन्हा तेच? मला चित्र आवडलं."

आजींनी त्याच्याकडे वरून खाली पाहिलं. "चित्रासाठी खोकं. म्हणजे घोड्यासाठी नाही, खोगिरासाठी बाजारात आलात."

त्याने ते खोकं उघडलं नाही. वरचा पारदर्शक कागदही फोडला नाही. लॅबच्या रस्त्याकडच्या काचेत उभं करून ठेवलं. बायको चहा घेऊन आली, खोक्याकडे बघत उभी राहिली, आणि कप टेबलावर ठेवताना एवढंच म्हणाली, "दादांची गाडी."

गाडी रिकामी होती. हे लक्षात ठेवा. पहिले दोन दिवस गाडी रिकामी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने लॅब उघडली, पडदा सारला, आणि चित्रातल्या गाडीत माणूस बसलेला होता.

मुंगीएवढा. काचेमागे, दोन्ही हात स्टिअरिंगवर, तोंड भरून हसत. धाकट्याला वाटलं, आधीपासूनच असणार, आपण पाहिलं नाही. त्याने कपाळावरचं कामाचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि वाकला. कारागीर माणसाचा चेहरा विसरेल, स्वतःचं काम विसरत नाही. वरचा डावा सुळा, केसभर वळलेला, शेजारच्या दातावर कड चढवलेली.

लॅबच्या मागच्या भिंतीला साच्यांचं कपाट होतं. केलेल्या प्रत्येक तोंडाचा साचा तिथे, वर्षावर्षाच्या खोक्यांत. खालच्या कप्प्यातून त्याने थोरल्याचा साचा काढला, एकतीस वर्षांच्या धुळीसकट, आणि चित्राशेजारी धरला. मध्ये तासभर गेला असेल. बायकोने दोन हाका मारल्या त्या त्याला ऐकूच आल्या नाहीत.

मग तो तडक दुकानात गेला. तशीच आणखी दोन खोकी फळीवर होती. दोन्हींवर गाडी रिकामी.

बायको म्हणाली, "कंपनीला विचारा. पत्ता बाजूला छापलाय."

विचारलं. बारा दिवसांनी उत्तर आलं, ते बायकोनेच मोठ्याने वाचलं. पत्रात म्हटलं होतं, आपण केलेल्या चौकशीबद्दल आभार, परंतु आमच्या कोणत्याही चित्रात चालक नसतो. गाडी रिकामी ठेवण्याचा आमच्या चित्रकारांना पहिल्यापासून नियम आहे. घेणाऱ्याला वाटावं, ही जागा आपली.

तिने पत्राची घडी घातली. काचेतल्या खोक्याकडे बघितलं. "मग हा कोण बसलाय?"

"छपाईची चूक असेल," काका म्हणाले. वर्तमानपत्र आता मांडीवर आलं होतं.

"असेल की. एका खोक्यावर असेल तर छापखान्याची चूक. पण धाकट्याने सहा खोकी घेतली काका. सहाही खोक्यांवर छापखाना एकच सुळा वळवतो का?"

दुसरं खोकं घेतलं ते निळ्या बुटक्या शर्यतीच्या गाडीचं. दुकानात चित्र होतं तेव्हा मागे नुसतं पांढरं आकाश. काचेत ठेवलं आणि तिसऱ्या सकाळी मागे डोंगर उभे राहिले, गाडीत माणूस. तोच. कानशिलावरचे केस पांढरे. तिसरं खोकं लांब काळ्या गाडीचं, मागे सपाट माळ आणि विजेच्या तारा. माणूस तोच, आता गाल बसलेले. दात मात्र सगळीकडे तसाच. धाकट्याला झोपेत विचारलं असतं तरी त्याने त्या सुळ्याचा कोन सांगितला असता.

बायकोला दात दिसायचा नाही. ती म्हणायची, "माणूस आहे, हसतोय, एवढं दिसतं. हसणारच. रडका ड्रायव्हर छापला तर गाडी कोण घेईल?" पण झाडताना त्या काचेकडे तिने पाठ करणं सोडून दिलं होतं. तिरकी उभी राहून झाडायची.

चौथं खोकं काचेत आलं आणि तिसऱ्या सकाळी तीच आधी थबकली. "अहो. हा आपला पूल."

गावाच्या तोंडाशी पूल होता. कठड्याचा एक गज वाकलेला, कित्येक वर्षं कोणी सरळ केला नव्हता. चित्रातल्या पुलाचाही तोच गज वाकलेला होता. पाचव्यात औषधांच्या दुकानाचं वळण. त्या दुकानाच्या पाटीवरचा एक दिवा गेलेला असायचा, तो चित्रातही गेलेला.

"येताहेत," बायको म्हणाली.

त्या दिवशी धाकट्याने एका गिऱ्हाइकाच्या वरच्या कवळीला खालचे दात लावले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

सहावं खोकं लाल गाडीचं होतं. दुकानवाल्या आजी म्हणाल्या, "हे शेवटचं, या चित्रांचा माल आता येत नाही." त्याने ते दोन्ही हातांनी धरून आणलं, भरलेली कढई आणावी तसं. तिसऱ्या सकाळी नवराबायको दोघं मिळून लॅब उघडायला गेले. पडदा तिने सारला.

चित्रात त्यांचीच गल्ली होती. लॅबचं हिरवं दार, त्याच्यावर जिथे जुनी पाटी होती तिथला फिकट चौकोन. दाराशेजारी काच, आणि त्या रंगवलेल्या काचेत एकावर एक रचलेली पाच इवली इवली खोकी. दारासमोर लाल गाडी उभी. उजव्या बाजूचं दार अर्धं उघडलेलं. आणि आतला माणूस या वेळी हसत नव्हता. त्याचा हात डाव्या गालावर होता आणि तोंड उघडं.

बर्फवाल्या बाईंनी मान वळवून काचेबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे.

"तिकडे काय बघताय बाई?" म्हातारा म्हणाला. "हिरवी दारं गावात छप्पन्न असतात. इकडे लक्ष द्या."

तर दोघांनी दार उघडून बाहेर पाहिलं. सकाळचं लख्ख ऊन. गल्ली रिकामी. गाडी नाही, बिडी नाही. धाकट्याने श्वास सोडला. तेवढ्यात एक मांजर पलीकडून आलं, रस्ता ओलांडायला लागलं, आणि दारासमोर आल्यावर थांबलं. नाक पुढे केलं. मग कडेकडेने, एखादी वस्तू टाळावी तसं, लांबडा चौकोन करून वळसा घालून गेलं.

मग पाववाला सायकलवरून आला. रोज सरळ जायचा. त्या जागेपाशी हँडल वळवलं, गटाराच्या कडेने सायकल काढली, पुन्हा मध्यावर आला आणि शीळ घालत निघून गेला. आपण का वळलो हे त्याच्या गावीही नव्हतं. दोन बायका बोलत बोलत आल्या. एक या बाजूने गेली, एक त्या बाजूने, मध्ये चार पावलांचं अंतर ठेवून त्या बोलतच राहिल्या, आणि पुढे जाऊन पुन्हा एकत्र झाल्या.

बायकोने धाकट्याचं मनगट धरलं. "हाक मारा."

"काय म्हणून मारू?"

"दादा म्हणून. दुसरं काय म्हणता?"

"मीच म्हटलं होतं तोंड दाखवू नकोस."

"तुम्ही म्हटलं आणि त्यांनी ऐकलं. आता तुम्ही म्हणा ये, ते पण ऐकतील. नाहीतर मी मारते हाक. त्या दिवशी मीपण हसले होते."

"थांब," धाकटा म्हणाला. "गालाला हात लावलाय बघ. दुखतंय. एकतीस वर्षं तो दात घालून हिंडतोय. त्याला या दारातून आत घ्यायचं ते तो दात तोंडात असताना? नाही. आधी दात."

बघा, माणूस कसा असतो. दाराच्या बाहेर पाच पावलांवर भाऊ, आणि हा आत जाऊन मेण वितळवायला बसला. क्षमा मागायला एक वाक्य पुरलं असतं, पण वाक्य करायला मेण लागत नाही ना. ज्याला हातांची सवय असते त्याला तोंडाची भीती वाटते.

दोन दिवस तो जेवायला उठला नाही. सगळी कामं बाजूला टाकली. थोरल्याच्या साच्यावर सुळा उभा केला, मोडला, पुन्हा उभा केला. रंग जुळवायला खिडकीशी नेऊन उन्हात बघितला. शेवटी जो दात झाला तसा त्या गावात ना आधी कोणी केला होता, ना नंतर. सरळ, आणि तरी खोटा न वाटणारा. बायको दारात उभी राहून बघत होती.

"साचा एकतीस वर्षांपूर्वीचा आहे," ती म्हणाली. "हिरडी बदलते म्हणता ना तुम्ही?"

"दादाचं तोंड मला पाठ आहे."

"दादांचा नियम पण पाठ असेल."

त्याने सहावं खोकं घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पारदर्शक कागदाला नख लावलं. कागद फाटला तो आवाज बारीक, पण दोघांच्याही अंगावर काटा आला. आत राखाडी प्लास्टिकचे सांगाडे, चाकं, काचेचा तुकडा. त्यांच्यामध्ये त्याने नवा दात ठेवला, नव्या पट्टीसकट. झाकण लावलं. काचेत होतं तिथेच उभं केलं. मग सकाळपर्यंत दोघांनीही त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

सकाळी पडदा सारायच्या आधी त्याने खोकं उचललं. हलवलं. आत काहीतरी खडखडलं. झाकण काढलं.

नवा दात नव्हता. त्याच्या जागी दुसरी पट्टी होती. चहाने पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या, केसभर वळलेला सुळा. धाकट्याने ती उचलली आणि हातातून सोडून दिली, कारण ती ओली होती. आणि कोमट. नुकतीच तोंडातून काढल्यासारखी.

बायकोने पडदा ओढला. सहाव्या चित्रात गल्ली होती, हिरवं दार होतं, रचलेली खोकी होती. गाडी नव्हती. रस्त्यावर दोन चाकांच्या ओल्या रेघा, वळून निघून गेलेल्या. बाकीच्या पाच खोक्यांवर गाड्या होत्या, सगळ्या रिकाम्या. कंपनीच्या नियमाप्रमाणे.

धाकटा दार उघडून धावत बाहेर आला. पाववाला सायकलवरून आला, आणि सरळ निघून गेला.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तोंड बघितल्याशिवाय दात हातातून सोडायचा नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांना पाठवतो तसा त्याने दादालाही डब्यात घालून पाठवून दिला होता. आता दादाने आत यायचं कशासाठी? काम झालं, गिऱ्हाईक गेलं.

म्हाताऱ्याने इथे थांबून तोंडावरचा रुमाल पुन्हा नीट केला. आत डॉक्टरांचं यंत्र बंद झालं होतं.

त्यानंतर, तो म्हणाला, धाकट्याने लॅबचं दार दिवसा कधी बंद केलं नाही. थंडी असो, धूळ असो. स्टूल दाराकडे तोंड करून ठेवलेलं असतं, गिऱ्हाइकाचं स्टूल. पण उपयोग काय? थोरला त्या चित्रांच्या रस्त्यांवर कुठेतरी फिरतोय, तोंडात सरळ दात घेऊन, आणि आता तो चित्रात असला तरी ओळखायचा कशावरून? यायचं त्याच्या मनात होतं हो. अगदी दारापर्यंत आला होता. पण चित्रातल्या माणसाच्या हातात काय असतं? बाहेरच्याने हाक मारायची. ती मारली नाही, मग आतल्याचा काय दोष? त्याला पुन्हा कोणी पाहिलेलं नाही. संपली गोष्ट.

काकांनी मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "ती वरच्या कवळीला खालचे दात लावल्याची गोष्ट तेवढी खरी वाटली."

म्हाताऱ्याला हसू फुटलं. अनावर, पोट धरून. त्याने रुमाल डोळे पुसायला वर नेला.

काउंटरवरच्या ताईने काकांचा नंबर पुकारला. काका वर्तमानपत्राची घडी काखेत मारून आत गेले. आता खुर्च्यांवर दोघंच. बाई टॉवेल गालावर धरून म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं तसं त्याने रुमाल झटकन खाली ओढला.

"आजोबा," बाईंनी टॉवेल मांडीवर ठेवला. सुजलेल्या गालामुळे शब्द जड येत होते, पण एकेक नीट येत होता. "ही माझी चौथी खेप. माझ्या एका दाढेला चार खेपा पडल्या. चारही वेळा तुम्ही याच खुर्चीत होता, काचेकडे तोंड करून. तुमचा नंबर एकदाही लागला नाही. काउंटरवरच्या ताईंकडे तुम्ही नावच दिलेलं नाही."

"गर्दी असते," म्हातारा म्हणाला.

"आपण तिघंच होतो."

म्हाताऱ्याने पाय जवळ घेतले.

"खोकी खरी आहेत," बाई म्हणाल्या. "इथून दिसतात. समोरच्या काचेत रचून ठेवलीत, मी मोजली, सहा आहेत, आणि सगळ्यांवर तीच गाडी आहे. निळी नाही, काळी नाही, लाल नाही. सगळी फिकी पिवळी, दोन दारांची. हिरवं दार पण खरं. ते उघडं असतं ते पण खरं. पण तो नवा दात खोटा आहे आजोबा. कोणी केला नाही, कोणी नेला नाही. जुनाच दात अजून तोंडात आहे, वरचा डावा, आत्ता तुम्ही हसलात तेव्हा मी बघितला. चित्रात कोणी अडकलेलं नाही. मध्ये एक रस्ता आहे फक्त, आणि आत्ता त्याच्यावर एक गाडीसुद्धा नाही."